जमाखर्च : नावाची वाटणी



या सदरातून आजवर आपण मुदत ठेवी, जामीनकी, वारसनोंद, मृत्युपत्र अशा विषयांची चर्चा करीत आलो. या वेळी मी एका इंग्रजी वाद्यवृंदाविषयी लिहिणार आहे, हे वाचून काहींच्या भुवया उंचावतील. परंतु हाही शेवटी हिशेबाचाच विषय आहे, आणि तो याच महिन्यात का सुचला याचे कारण माझ्या घरात घडले आहे. आधी ते सांगतो.

माझ्या वडिलांनी १९५४ साली तालुक्याच्या पेठेत कापडाचे दुकान काढले. पाटीवर त्यांचे स्वतःचे नाव होते. मी बँकेच्या नोकरीत गेलो. थोरल्या बंधूंनी पेढी सांभाळली आणि त्यांच्या पश्चात त्यांचे दोन्ही चिरंजीव भागीदारीत ती चालवीत आले. आता त्या दोघांची मुले हाताशी आली आहेत. एका गादीवर चौघांना पुरेल एवढी जागा उरलेली नाही. म्हणून वेगळे व्हायचे ठरले, आणि तेही न भांडता. ‘काका, कागद तुम्ही करून द्या,’ एवढ्याच कामासाठी दोघे एका रविवारी सकाळी घरी आले.

साठा, येणी, देणी, गोदाम, दुकानाची जागा, सारे काही दुपारच्या जेवणापर्यंत मार्गी लागले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या समजुतीने झालेल्या वाटण्या मी फार थोड्या पाहिल्या आहेत. जेवून उठताना धाकटा सहज म्हणाला, ‘आणि आजोबांचे नाव मी लावतो, दादा नवी पाटी करील.’ थोरल्याने हात धुता धुता मागे वळून पाहिले. ‘नाव तू लावणार? ते का?’ त्या एका प्रश्नानंतर घरात जी शांतता पसरली, ती चहा होईपर्यंत हटली नाही.

त्या शांततेत मला ‘बार्कले जेम्स हार्वेस्ट’ आठवले.

हे नाव मी प्रथम ऐकले १९८३ च्या सुमारास. मुंबईत फोर्ट भागातील शाखेत मी नवा अधिकारी होतो आणि एका सहकाऱ्यासमवेत भाड्याच्या खोलीत राहत होतो. त्याचा मामेभाऊ पश्चिम जर्मनीत नोकरीला होता. त्याने पाठविलेल्या कॅसेटी हा सहकारी रात्री लावून बसे. मी नाट्यसंगीत आणि भावगीते ऐकत वाढलेला. इंग्रजी गाण्यांशी माझा काहीही संबंध नव्हता. एके रात्री तो म्हणाला, ‘अरे, हे तरी ऐक. यांच्या नावात बँक आहे.’ मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

बार्कले जेम्स हार्वेस्ट हा वृंद १९६६ साली इंग्लंडच्या उत्तर भागात, ओल्डहॅम आणि सॅडलवर्थ परिसरात उभा राहिला. नावासाठी या तरुणांनी चिठ्ठ्या केल्या, त्या एका टोपीत टाकल्या आणि एकेक काढून नापसंत नावे बाजूला सारली. शेवटी तीन उरली. ‘जेम्स’ हे पूर्वी त्यांच्यासमवेत गाणाऱ्या एकाचे नाव. ‘हार्वेस्ट’ म्हणजे सुगी, कारण ते एका शेतघरात राहत होते. आणि ‘बार्कले’ घेतले ते बार्कलेज बँकेवरून, कारण आपल्याला पैसा मिळावा अशी त्यांची इच्छा होती! तिन्ही नावे कानाला गोड वाटतील अशा क्रमाने लावली आणि पाटी तयार झाली. हातात भांडवल नसताना बँकेचे नाव धारण करणारा असा दुसरा उपक्रम माझ्या पाहण्यात नाही.

बँकेचा विषय निघाला म्हणून एक नोंद करून ठेवतो. लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवर १६९० च्या सुमारास जॉन फ्रीम आणि थॉमस गूल्ड यांनी सराफी पेढी चालविली. हे क्वेकर पंथाचे लोक. शस्त्र न उचलणारा, शपथ न घेणारा, कारण एरवीचे बोलणेही खरेच असले पाहिजे असे मानणारा, आणि व्यापारातील सचोटीसाठी नावाजलेला हा छोटासा समाज. १७३६ मध्ये फ्रीम यांचे जावई या पेढीत भागीदार झाले. त्यांचे नाव होते जेम्स बार्कले. पुढे १८९६ साली अनेक खासगी पेढ्या एकत्र येऊन मोठी बँक झाली, ती जावयाच्या नावाने. ओल्डहॅमच्या तरुणांच्या टोपीतून ‘बार्कले’ आणि ‘जेम्स’ ही दोन नावे एकत्र निघाली, हा निव्वळ योगायोग. मात्र ज्याने पेढी काढली त्याचे नाव मागे पडते आणि नंतर आलेल्याचे पाटीवर राहते, हे जगात सर्वत्र घडते, एवढे यावरून ध्यानात यावे.

आता ओल्डहॅमविषयी. लँकेशायरमधील हे गाव एके काळी सूतगिरण्यांसाठी जगभर प्रसिद्ध होते. भरभराटीच्या दिवसांत तेथे तीनशेहून अधिक गिरण्या होत्या. आपल्या पूर्वजांपैकी ज्यांनी खानदेशात वा वऱ्हाडात कापसाचा व्यापार केला, त्यांच्या गाठी अशाच गिरण्यांकडे जात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरने मुंबई बंदराकडे डोळे लावले आणि येथील भाव आकाशाला भिडले, ही हकिकत अनेक घरांत अजूनही सांगितली जाते. शंभर वर्षांनी चित्र पालटले होते. १९६६ पर्यंत त्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. ज्या गावात कामाचे भोंगे थांबत होते, तेथील ही मुले गिटार घेऊन बसली होती.

मुले मूळची दोन वेगवेगळ्या वृंदांतील, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. जॉन लीज हे गिटारवादक व गायक आणि स्टुअर्ट वूल्स्टनहोम हे कळवाद्ये वाजविणारे, असे दोघे एका वृंदातून आले. वूल्स्टनहोम यांना सारे ‘वुली’ म्हणत. लेस हॉलरॉइड हे बास गिटार वाजविणारे व गायक आणि मेल प्रिचर्ड हे ढोलवादक, असे दोघे दुसऱ्या वृंदातून आले. दोन अधिक दोन असे चार भागीदार. जॉन क्राउदर नावाच्या एका स्थानिक व्यावसायिकाने त्यांना आर्थिक आधार दिला आणि डिगल या खेड्यातील ‘प्रेस्टन हाऊस’ या जुन्या दगडी शेतघरात चौघे एकत्र राहून सराव करू लागले.

त्यांचे संगीत कशा प्रकारचे होते, हे न सांगता पुढे जाणे योग्य होणार नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये काही तरुण वादक तीन मिनिटांच्या गाण्याला कंटाळले होते. रॉक संगीताची चौकट रुंदावून तिच्यात पाश्चात्त्य अभिजात संगीताचा विस्तार आणावा, लोकगीतांची साधी, खेड्यातील माणसाच्या ओठांवर बसणारी चाल आणावी, असा त्यांचा प्रयत्न होता. या प्रवाहाला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. बार्कले जेम्स हार्वेस्टने आरंभीच्या दिवसांत ओबो, चेलो, रेकॉर्डर अशी वाद्येही हाताळून पाहिली. त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत, १९७० साली, बारा मिनिटांची एक रचना आहे. दुसऱ्या मुद्रिकेतील ‘मॉकिंग बर्ड’ हे गीत एका हळुवार गिटारीवर सुरू होते, अंगाईसारखे पुढे सरकते आणि मग त्यामागे व्हायोलिनांचा असा काही लोट येतो, की आपण खोलीत बसलो आहोत याचा विसर पडावा. १९८३ साली ती कॅसेट ऐकताना मला इंग्रजी शब्द निम्मेही कळले नव्हते. पण संथ आलापी, मग हळूहळू भरत जाणारी मैफल, हा क्रम मला ओळखीचा वाटला. मी त्या रात्री उशिरा झोपलो.

हा व्हायोलिनांचा लोट मात्र फार महाग पडला. वृंदाने रॉबर्ट जॉन गॉडफ्री या अभिजात शिक्षण घेतलेल्या तरुण संगीतकाराला संगीत-दिग्दर्शक म्हणून सोबत घेतले आणि संपूर्ण वाद्यमेळा घेऊन दौरे काढले. चार वादकांचा वृंद आणि मागे पगारी वाजविणाऱ्यांचा ताफा, त्यांचा प्रवास, मुक्काम, मानधन! तिकिटांतून येणारे उत्पन्न ठरावीक, खर्च मात्र माणशी वाढणारा. बँकेत माझ्यासमोर असा प्रस्ताव आला असता, तर मी खेळत्या भांडवलाचा तक्ता पाहूनच तो परत केला असता. व्हायचे तेच झाले. कर्ज डोक्यावर बसले. १९७१ मध्ये गॉडफ्री वृंदातून बाहेर पडले. पुढे ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीशी असलेला करारही संपला आणि १९७४ साली त्यांना नव्या कंपनीकडे नव्याने आरंभ करावा लागला.

या अडचणीत त्यांच्या उपयोगी पडले ते मेलोट्रॉन नावाचे वाद्य. बर्मिंगहॅमजवळ तयार होणाऱ्या या पेटीसारख्या यंत्रात प्रत्येक पट्टीखाली एक चुंबकीय फीत असते. त्या फितीवर खऱ्या व्हायोलिनांचा वा गायकांचा एकेक स्वर आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत फिरते आणि तो स्वर वाजतो. सुमारे आठ सेकंदांनी फीत संपते, तेव्हा बोट उचलावेच लागते. बोट उचलले की फीत झटक्यासरशी मागे जाते. म्हणजे मुदतीचे, उसने घेतलेले स्वर! वुली हे वाद्य असे वाजवीत, की मुदत संपण्याआधी दुसरी पट्टी दाबलेली असे आणि ऐकणाऱ्याला जोड कळत नसे. ज्यांना खरा वाद्यमेळा परवडत नव्हता, त्यांनी उधारीच्या स्वरांवर नावलौकिक उभा केला.

टीकाही झाली. मूडी ब्लूज हा बर्मिंगहॅमचा वृंद त्याच धाटणीचे संगीत देऊन आधीच प्रसिद्ध झालेला होता. एका पत्रकाराने बार्कले जेम्स हार्वेस्टला ‘गरिबांचे मूडी ब्लूज’ म्हणून हिणवले. जॉन लीज यांनी उत्तरादाखल पत्र लिहिले नाही की वाद घातला नाही. त्यांनी मूडी ब्लूजच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची आठवण यावी असे एक गीत रचले आणि त्याला नाव दिले, ‘पुअर मॅन्स मूडी ब्लूज’. १९७७ च्या ‘गॉन टू अर्थ’ या मुद्रिकेत ते आले आणि वृंदाच्या सर्वांत लोकप्रिय गीतांपैकी एक ठरले. त्याच मुद्रिकेत ‘हिम’, म्हणजे स्तोत्र, या नावाचे एक गीत आहे. वरवर ते प्रार्थनागीत वाटते. आशय मात्र अमली पदार्थांपासून सावध करणारा आहे. ज्या काळात रॉक संगीत आणि व्यसन यांची सांगड जगाने गृहीत धरली होती, त्या काळात लीज यांनी हे लिहिले, हे आपल्या घरातील तरुणांना अवश्य सांगावे.

मायदेशात त्यांना बेताचेच यश मिळाले. खरी बाजारपेठ मिळाली जर्मनीत. ‘गॉन टू अर्थ’ तेथे वर्षानुवर्षे खपत राहिली. माझ्या सहकाऱ्याच्या मामेभावाकडे ही कॅसेट का होती, याचा उलगडा मला पुष्कळ नंतर झाला. ३० ऑगस्ट १९८० रोजी पश्चिम बर्लिनमध्ये, जुन्या संसदभवनासमोर, विभाजनाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर त्यांनी विनामूल्य मैफल केली. त्या वेळी सुमारे अडीच लाख श्रोते जमल्याचा अंदाज आहे. पुढे १४ जुलै १९८७ रोजी भिंतीपलीकडे, पूर्व बर्लिनच्या ट्रेप्टो उद्यानात त्यांना वाजविण्याची परवानगी मिळाली. साम्यवादी पूर्व जर्मनीत अशी खुली मैफल करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या पाश्चात्त्य रॉक वृंदांपैकी ते एक. म्हणजे दुभंगलेल्या शहराच्या दोन्ही अर्ध्यांनी एकच वृंद ऐकला.

आणि तोच वृंद आतून दुभंगत होता.

वुली १९७९ सालीच बाहेर पडले होते. वृंदाचे संगीत सोपे, बाजाराला रुचेल असे होत चालले आहे, सिंफनीचा अंश कमी होत आहे, ही त्यांची खंत होती. बर्लिनच्या अडीच लाख श्रोत्यांसमोर ते नव्हते. ज्याने उधारीच्या स्वरांवर नाव उभे केले, त्याच्याविना त्या नावाला सर्वांत मोठा श्रोतृवर्ग लाभला. वुली यांनी स्वतंत्र मुद्रिका काढून पाहिली आणि पुढे संगीत सोडून ते शेतीकडे वळले. उरलेल्यांत लीज आणि हॉलरॉइड हे दोघे गीतकार. दोघे स्वतंत्रपणे लिहीत. एका मुद्रिकेत निम्मी गाणी याची, निम्मी त्याची, असा व्यवहार वर्षानुवर्षे चालला. एकाच दुकानात दोन गल्ले असावेत तसे. १९९८ मध्ये सर्वांनी काही काळ थांबून आपापले स्वतंत्र काम करावे असे ठरले. तो विराम पुन्हा कधी संपला नाही.

मग प्रश्न आला नावाचा. लीज यांनी ‘बार्कले जेम्स हार्वेस्ट, जॉन लीज यांच्या दृष्टीतून’ अशा अर्थाचे लांबलचक नाव घेतले. नंतर ते ‘जॉन लीज यांचे बार्कले जेम्स हार्वेस्ट’ असे झाले. हॉलरॉइड यांनी ‘बार्कले जेम्स हार्वेस्ट, सहभाग लेस हॉलरॉइड’ अशी पाटी लावली. तीन शब्दांचे मूळ नाव निखळपणे कोणाकडेच राहिले नाही. आता मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितलेली गोष्ट आठवावी. लीज यांच्याकडे परत आले ते शेतीत रमलेले वुली. हॉलरॉइड यांच्याकडे राहिले प्रिचर्ड. १९६६ साली ज्या दोन जोड्या एकत्र आल्या होत्या, त्याच जोड्या बत्तीस वर्षांनी जशाच्या तशा वेगळ्या झाल्या. भांडवल ज्याचे त्याला परत मिळाले. मधली कमाई, म्हणजे नाव, तेवढे मध्येच लोंबकळत राहिले. प्रिचर्ड २००४ च्या जानेवारीत गेले, वुली २०१० च्या डिसेंबरमध्ये. चौघांनी पुन्हा एकत्र बसण्याची शक्यता त्यांच्यासमवेत संपली.

या कथेत न्यायालयाचेही एक प्रकरण आहे, आणि ते व्यापारी घरांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे. १९७१ मध्ये बाहेर पडलेले गॉडफ्री पुष्कळ वर्षांनी पुढे आले आणि ‘मॉकिंग बर्ड’सह काही रचनांचे आपण सहकर्ते आहोत, असा दावा त्यांनी केला. १९९५ साली लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निर्णय दिला. तो दोन भागांत आहे. पहिला भाग गॉडफ्री यांच्या बाजूचा : वाद्यमेळ्यासाठी त्यांनी केलेले काम हे निव्वळ साहाय्य नव्हते, निर्मितीत त्यांचा खरा वाटा होता. दुसरा भाग मात्र त्यांच्या विरुद्ध गेला : सर्व ठाऊक असूनही इतकी वर्षे ते गप्प राहिले, त्यांच्या मौनावर विसंबून इतरांनी व्यवहार केले, म्हणून आता तो हक्क त्यांना बजावता येणार नाही. हक्क खरा, पण वसुली शून्य! नोकरीत मी अशी कितीतरी खाती पाहिली. धाकट्या भावाने दहा वर्षे गादीवर बसून पेढी वाढविली, पण भागीदारीपत्रात त्याचे नाव कधी चढले नाही. घरातल्या घरात विचारायचे कसे, या संकोचात तो राहिला. विचारण्याची वेळ आली तेव्हा कागद नव्हता आणि ज्यांना ठाऊक होते ते हयात नव्हते.

ओल्डहॅमपासून पेनाइन टेकड्या ओलांडल्या की यॉर्कशायरमध्ये बार्न्सली हे गाव लागते. तेथील ‘सॅक्सन’ या रॉक वृंदाचे नावावरून झालेले भांडण २००३ साली न्यायमूर्ती लॅडी यांच्यासमोर आले. बाहेर पडलेल्या दोघा सदस्यांनी ते नाव आपल्या नावे नोंदवून घेतले होते. न्यायमूर्तींनी तत्त्व सांगितले ते असे : नाव आणि त्यामागील ख्याती ही भागीदारीची मालमत्ता होय. एखादा सदस्य ते उचलून स्वतःचे म्हणू शकत नाही. त्याचा हक्क असतो तो भागीदारीच्या मालमत्तेचा हिशेब होऊन हाती येणाऱ्या मूल्यात. नोंदणी टिकली नाही. असे प्रसंग नीट लिहिलेल्या भागीदारी करारनाम्याने टाळता येतात, असेही त्यांनी नमूद केले.

आपल्याकडचा कायदा यापेक्षा वेगळा नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ मधील कलम १४ पाहावे. पेढीच्या मालमत्तेत ख्यातीचा स्पष्ट समावेश आहे. कलम ५३ नुसार, विसर्जनानंतर हिशेब पूर्ण मिटेपर्यंत एक भागीदार दुसऱ्याला पेढीच्या नावाने तसाच धंदा करण्यापासून रोखू शकतो, करारात वेगळे ठरले नसेल तर. कलम ५५ नुसार ख्याती विकता येते. आणि ती विकली की विकणाऱ्याला वेगळा धंदा करता येतो, पण जुन्या नावाने नव्हे. ही कलमे एम. कॉम.ला असताना मी पाठ केली होती. त्यांचा अर्थ मला त्या रविवारी, दोन पुतण्यांच्या मध्ये बसून चहा घेताना उमगला.

मी त्या दोघांना वृंदाची ही हकिकत सांगितली. धाकट्याने मोबाइलवर ‘मॉकिंग बर्ड’ शोधून लावले. दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकले. आवडले की नाही, ते काही बोलले नाहीत. थोरल्याने विचारले, ‘मग काका, लोक कोणाच्या मैफलीला जात होते?’ मी म्हटले, ‘दोघांच्याही. नाव अर्धे झाले, तरी ऐकणाऱ्यांना जुनी गाणी दोन्हीकडे मिळत होती. आपल्या पेठेतील गिऱ्हाईकही तसेच करील. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली आजी पाटी वाचत नाही. तिने ज्याच्या हातून लुगडे घेतले तो कोठे बसतो, ते विचारते.’

मग मी तीन मार्ग कागदावर मांडले. पहिला, एकाने नाव ठेवावे आणि ख्यातीचे मूल्य काढून दुसऱ्याचा हिस्सा रोखीने द्यावा. त्यासाठी गेल्या काही वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पटीत मूल्य काढण्याची रीत आहे. आकडा काढणे अवघड नाही. दुसरा, दोघांनीही नाव लावावे, पण प्रत्येकाने आपले नाव त्याला जोडावे. तिसरा, कोणीच लावू नये. तिन्ही मार्ग न्याय्य आहेत. अन्याय्य आहे तो चौथा, जो बहुतेक घरांत निवडला जातो : आज काही बोलायचे नाही, पुढचे पुढे पाहू. आज दोघे भाऊ एका ताटात जेवतात म्हणून नावाचा हिशेब होऊ शकतो. उद्या तो वकिलांच्या टेबलावर होईल आणि परवा मुलांच्या पिढीत तो होणारच नाही.

पंधरा दिवसांनी दोघे पुन्हा आले. त्यांनी दुसरा मार्ग निवडला होता. अटी त्यांच्या त्यांनीच ठरविल्या होत्या. दोन्ही पाट्यांवर आजोबांचे नाव राहील आणि खाली ज्याचे त्याचे नाव, आजोबांच्या नावाएवढ्याच अक्षरांत. कोणीही स्वतःला ‘मूळ’, ‘जुने’ वा ‘एकमेव’ म्हणवून घ्यायचे नाही. एकाने धंदा बंद केला वा विकला, तर नाव विकणाऱ्याबरोबर जायचे नाही. ते दुसऱ्याकडे राहील. आणि गेली नऊ वर्षे पगाराविना दुकानात बसलेल्या थोरल्याच्या मुलाच्या कामाचे मूल्य धरून त्याच्या वडिलांच्या खात्यात रक्कम जमा होईल. हा शेवटचा मुद्दा धाकट्यानेच सुचविला होता. बहुधा गॉडफ्रींची गोष्ट त्याच्या मनात राहिली असावी. मी सारे कलमवार लिहून काढले, दोघांना वाचून दाखविले, सह्या झाल्या.

एक वस्तू मात्र उरली. वडिलांनी १९५४ साली रंगवून घेतलेली सागवानी पाटी. ती कोणाच्या दुकानावर लावायची, हे ठरेना; चिठ्ठ्या टाकायला दोघांनीही नकार दिला. तूर्त ती माझ्याकडे आहे, अभ्यासिकेतील कपाटामागे, भिंतीला टेकून. वाटणीपत्राच्या परिशिष्टात तिची नोंद करणे भाग होते. ‘जुनी लाकडी पाटी, नग एक, मूल्य निरंक’ असे मी लिहिले. छत्तीस वर्षांत हजारो नोंदी लिहिल्या. एवढी एक नोंद लिहिताना मात्र हात थांबला होता.